नियमाने खाल्लेली वर्षं

नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकन गोल्फमध्ये दोन गोष्टी घडल्या. ओहायोच्या जॅक निकलस नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाने आपण व्यावसायिक गोल्फर होत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात पीजीए या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेने आपल्या घटनेतलं एक कलम काढून टाकलं. सदस्यत्व फक्त गोऱ्या वंशाच्या माणसांनाच मिळेल, असं ते कलम होतं आणि ते १९३४ पासून लागू होतं. निकलसने त्यानंतरची पंचवीस वर्षं मैदान गाजवलं. हे कलम जावं म्हणून ज्याने आयुष्याची उमेद पणाला लावली होती, तो चार्ली सिफर्ड त्या महिन्यात ३९ वर्षांचा होता.

पीजीए टूरच्या अधिकृत नोंदींत निकलसच्या नावावर ७३ विजेतेपदं आहेत, सिफर्डच्या नावावर दोन. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल की एक महान खेळाडू आणि एक बरा खेळाडू. पण खेळाच्या नोंदी वाचताना आधी एक प्रश्न विचारावा लागतो: या माणसाला किती वर्षं खेळू दिलं? सिफर्डच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या अमेरिकेचा एक मोठा तुकडा समोर उलगडतो.

साठ सेंटची शाळा

चार्ल्स ल्यूथर सिफर्डचा जन्म २ जून १९२२ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहरात झाला. वडील मजुरी करायचे. जवळच कॅरोलायना कंट्री क्लबचा गोल्फ कोर्स होता आणि वस्तीतली पोरं तिथे कॅडी म्हणून कामाला जायची. चार्लीही दहाव्या वर्षाच्या सुमारास जाऊ लागला. दिवसाला ६० सेंट मिळायचे. त्यातले ५० आईच्या हातावर ठेवायचे आणि १० स्वतःकडे. त्या १० सेंटांतून तो सिगार घ्यायचा. पोरवयात लागलेली ही सवय पुढे त्याची ओळखच झाली. बेताच्या उंचीचा, भरदार अंगाचा हा माणूस दातांत सिगार धरूनच चेंडू मारायचा.

कॅडीचं काम बाहेरून हमालीचं दिसतं. खेळाडूची जड बॅग खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालायचं, चेंडू कुठे पडला त्यावर नजर ठेवायची, मागितली ती काठी काढून द्यायची. पण डोळे उघडे ठेवणाऱ्या मुलाला यासारखी शाळा नाही. तो रोज शेकडो फटके जवळून पाहतो. कुठल्या काठीने चेंडू किती लांब जातो, वारा समोरून असला की किती तोकडा पडतो, ग्रीनवरचं, म्हणजे होलभोवतालच्या हिरवळीवरचं, गवत कुठल्या अंगाला कललेलं आहे, हे त्याला हळूहळू अंगवळणी पडतं. चांगला खेळाडू कुठे आवरतं घेतो आणि हौशी माणूस कुठे वाहवत जातो, हेही त्याला दिसतं. बेन होगन, बायरन नेल्सन, सॅम स्नीड हे त्या पिढीतले तिन्ही बादशहा कॅडी म्हणूनच गोल्फमध्ये आले होते. गरीब घरातल्या मुलासाठी या श्रीमंत खेळाचा हा एकच रस्ता होता.

सोमवारी क्लब सदस्यांसाठी बंद असे. त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा होती. सिफर्ड सोमवारची वाट पाहायचा. तेराव्या वर्षी तो पारच्या आसपास, कधी पारच्या आत फेरी पुरी करू लागला. पार म्हणजे निष्णात खेळाडूने १८ होल जितक्या फटक्यांत संपवावेत अशी अपेक्षा असते तो आकडा, बहुतेक कोर्सवर ७० ते ७२. हौशी गोल्फरांतले बहुसंख्य लोक जन्मभर या आकड्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत.

आपली बॅग उचलणारं काळं पोर आपल्यापेक्षा सरस खेळतं, हे काही सदस्यांना खुपू लागलं. तक्रारी वाढल्या, तेव्हा ऐन किशोरवयात सिफर्डने शार्लट सोडलं आणि तो उत्तरेला फिलाडेल्फियाला नातेवाइकांकडे गेला. तिथे कॉब्स क्रीक नावाचा सार्वजनिक गोल्फ कोर्स होता. तो पैसे भरणाऱ्या कुणालाही खुला होता आणि कृष्णवर्णीय गोल्फर तिथे मोठ्या संख्येने जमायचे. त्यांच्यात हॉवर्ड व्हीलर होता. त्याचे हात काठीवर उलटे, म्हणजे उजव्याच्या जागी डावा, असे असायचे आणि तरीही त्याला हरवणं भल्याभल्यांना जमत नसे. आपल्यासारखेच दिसणारे लोक इतकं उत्तम खेळतात, हे सिफर्डने पहिल्यांदा इथे पाहिलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. सिफर्ड सैन्यात गेला आणि ओकिनावाला जाऊन आला. युद्धानंतर त्याला बिली एक्स्टाइन या लोकप्रिय जॅझ गायकाकडे काम मिळालं. एक्स्टाइनला गोल्फचं वेड होतं. सिफर्ड त्याला खेळ शिकवायचा, गाडी चालवायचा, कपड्यालत्त्याचं बघायचा. सुमारे दहा वर्षं हा पगार त्याच्या पाठीशी होता. एक्स्टाइनने त्याला स्पर्धांसाठी मोकळीक दिली नसती, तर ही कारकीर्द उभीच राहिली नसती.

दार नेमकं कसं बंद होतं

धावपटूला रस्ता पुरतो, मुष्टियोद्ध्याला एखादी तालीम. गोल्फरला मात्र शे-दीडशे एकर राखलेली जमीन लागते, आणि ती दुसऱ्याच्या मालकीची असते. म्हणून गोल्फमधला वर्णभेद मोडायला फार वेळ लागला. अडथळे एकामागे एक तीन होते. पहिला जमिनीचा. खासगी क्लब गोऱ्यांचे, आणि दक्षिणेत नगरपालिकेचे कोर्सही गोऱ्यांचेच. दुसरा संघटनेचा. व्यावसायिक स्पर्धांवर पीजीएचा ताबा आणि पीजीएच्या घटनेत ते कलम. तिसरा निमंत्रणाचा. एखाद्या स्पर्धेने मन मोठं करायचं ठरवलं, तरी यजमान क्लब नकार देऊ शकायचा.

हा खेळ कृष्णवर्णीयांना परका होता, असंही नाही. १८९६ च्या यूएस ओपनमध्ये जॉन शिपन हा कृष्णवर्णीय तरुण खेळला होता. चेंडू ठेवायच्या लाकडी टीचं अमेरिकेतलं एक सुरुवातीचं पेटंट, १८९९ चं, बोस्टनचे कृष्णवर्णीय दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांच्या नावावर आहे. कलम आलं ते त्यानंतर. वगळण्याचा नियम केला गेला, कारण वगळावेत असे लोक मैदानावर होते.

नियम कसा राबवला जायचा, हे १९४८ च्या सुरुवातीला दिसलं. लॉस एंजेलिस ओपन ही कृष्णवर्णीयांना घेणाऱ्या मोजक्या स्पर्धांपैकी एक होती. तिथे बिल स्पिलरने पहिल्या दिवशी ६८ फटक्यांत फेरी संपवून बेन होगनची बरोबरी केली. स्पिलर शिक्षणशास्त्राचा पदवीधर होता आणि लॉस एंजेलिसच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करून पोट भरायचा. त्या स्पर्धेत पहिल्या साठांत आलेल्यांना पुढच्या रिचमंड ओपनमध्ये थेट प्रवेश होता. स्पिलर आणि नॅशव्हिलचा टेड ऱ्होड्स दोघेही त्या साठांत होते. ते रिचमंडला पोहोचले, सरावाला उतरले, आणि पीजीएच्या अधिकाऱ्याने त्यांना बाहेर काढलं. त्यांनी दावा लावला. पीजीएने यापुढे भेदभाव करणार नाही असं आश्वासन दिलं, दावा मागे घ्यायला लावला, आणि आपल्या स्पर्धांना ‘ओपन’ऐवजी ‘निमंत्रितांची स्पर्धा’ म्हणायला सुरुवात केली. निमंत्रण कुणाला द्यायचं हे यजमानाच्या मर्जीवर होतं. एक शब्द बदलून दार पुन्हा लावलं गेलं.

सिफर्ड याच सुमारास व्यावसायिक झाला. बेसबॉलमधली वर्णरेषा १९४७ मध्ये ओलांडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनला तो भेटला आणि आपल्याला गोल्फमध्ये हेच करायचं आहे, असं त्याने सांगितलं. पुढे सिफर्ड सांगायचा की रॉबिन्सनने त्याला एवढंच विचारलं: तू मधेच सोडून देणाऱ्यांपैकी आहेस का? तसा असशील तर सुरूच करू नकोस. पण रॉबिन्सनच्या पाठीशी ब्रुकलिन डॉजर्सचा अख्खा संघ आणि त्याचं व्यवस्थापन होतं. गोल्फर मैदानावर एकटा असतो.

समांतर गोल्फ

बाहेर ठेवलेल्यांनी आपला खेळ स्वतः उभा केला. युनायटेड गोल्फर्स असोसिएशन, म्हणजे यूजीए, ही कृष्णवर्णीय गोल्फरांची संघटना १९२०च्या दशकापासून काम करत होती. तिच्या स्पर्धा बहुतेक सार्वजनिक कोर्सवर व्हायच्या. गवत खरबरीत, ग्रीन ओबडधोबड आणि बक्षिसं तुटपुंजी. पेट्रोल, खाणं आणि प्रवेश फी वजा जाता जिंकणाऱ्याच्या हातीही फारसं काही उरत नसे. मुष्टियुद्धातला हेवीवेट विजेता जो लुई याला गोल्फची आवड होती. तो स्वतः खेळायचा आणि अनेक कृष्णवर्णीय गोल्फरांना पैशाची मदत करायचा. टेड ऱ्होड्स तर त्याचा शिक्षकच होता.

ऱ्होड्सचा काठी फिरवण्याचा झोका पाहणारे लोक त्याला त्या काळातल्या सर्वोत्तमांमध्ये गणायचे. सिफर्ड त्याच्याकडून बरंच शिकला. १९५२ ते १९५६ अशी सलग पाच वर्षं त्याने यूजीएची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि १९६० मध्ये सहाव्यांदा. याच वर्षांत सिफर्ड तिशीत होता. ताकद आहे आणि समजही आली आहे, असा गोल्फरच्या आयुष्यातला हा सुगीचा काळ. तो सगळा त्याने अशा मैदानांवर घालवला, जिथले निकाल मोठ्या वर्तमानपत्रांत छापूनही येत नसत.

फीनिक्सचा पहिला होल

जानेवारी १९५२ मध्ये सॅन डिएगो ओपनने जो लुईला निमंत्रण दिलं आणि पीजीएने ते अडवलं. लुई हा साऱ्या देशाचा लाडका माणूस. त्याने हे प्रकरण जाहीरपणे मांडलं, वर्तमानपत्रं आणि रेडिओवर गाजावाजा झाला. हौशी खेळाडू म्हणून लुईला खेळू दिलं गेलं. पात्रता फेरीतून आलेला स्पिलर व्यावसायिक होता, त्याला मात्र नकार मिळाला. या गदारोळानंतर पीजीएने थोडी फट ठेवली: प्रायोजकांनी आणि यजमान क्लबाने बोलावलं, तर कृष्णवर्णीय खेळाडू त्या स्पर्धेपुरते खेळू शकतील.

त्या फटीतून पुढच्याच आठवड्यांत सिफर्ड, लुई, ऱ्होड्स, स्पिलर आदी मंडळी फीनिक्स ओपनच्या पात्रता फेरीला उतरली. कृष्णवर्णीयांचा वेगळा गट करून त्यांना सगळ्यांच्या आधी, पहाटे सोडण्यात आलं. पहिल्या ग्रीनवर ते पोहोचले. गोल्फचा होल साडेदहा सेंटिमीटरांच्या आसपास रुंद असतो आणि आत एक डबा बसवलेला असतो. झेंडा काढला, तर त्या डब्यात माणसाची विष्ठा भरलेली होती. कुणीतरी रात्री किंवा भल्या पहाटे येऊन, पहिला गट कोणाचा आहे हे माहीत असताना, ती तिथे घातली होती. डबा बदलून येईपर्यंत जवळजवळ तासभर ते सगळे तिथे थांबले. मग पट मारले आणि दुसऱ्या टीकडे, म्हणजे पुढच्या होलच्या सुरुवातीच्या जागेकडे, चालू लागले.

गोल्फमधला शेवटचा फटका, पट, हा बोटांचा आणि श्वासाचा खेळ असतो. जरा हात थरथरला की दोन फुटांवरचा पटही चुकतो. सिफर्डने ज्या परिस्थितीत पट मारले, ती लक्षात घेतली की त्याच्या गुणफलकावरचा प्रत्येक आकडा वेगळा वाटू लागतो. ही एक सकाळ होती. अशा सकाळी पुढची दहा-पंधरा वर्षं येतच राहिल्या. क्लब हाउसमध्ये कपडे बदलायला मनाई, म्हणून गाडीतच बूट चढवायचे. जेवणघरात जागा नाही, म्हणून दिवसभर बरोबर आणलेल्यावर भागवायचं. शहरातली हॉटेलं घेत नसत, म्हणून ओळखीच्या कृष्णवर्णीय कुटुंबाकडे मुक्काम.

नोव्हेंबर १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातली लाँग बीच ओपन त्याने प्ले-ऑफमध्ये जिंकली. या स्पर्धेत नामवंत गोरे व्यावसायिकही खेळले होते. स्पर्धा ५४ होलची, म्हणजे तीनच फेऱ्यांची होती आणि पीजीए टूरच्या अधिकृत विजेतेपदांत ती धरली जात नाही. तरीही आपण यांना हरवू शकतो, याचा लेखी पुरावा आता सिफर्डकडे होता. वय ३५.

कलम कसं गेलं

पीजीएने आपणहून ते कलम काढलं नाही. तिला पेचात धरणारा माणूस गोल्फबाहेरचा होता. त्याच्यापर्यंत हे प्रकरण पोहोचलं ते स्पिलरमुळे. बिल स्पिलर हमालीच्या जोडीला हिलक्रेस्ट कंट्री क्लबमध्ये कॅडीचं कामही करायचा. तो ज्यांची बॅग उचलायचा त्या सदस्याला त्याने आपली सगळी कहाणी सांगितली. हिलक्रेस्ट हा ज्यू लोकांचा क्लब होता, कारण इतर क्लब ज्यूंना घेत नसत. त्या सदस्याने हे प्रकरण कॅलिफोर्नियाचे अॅटर्नी जनरल स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत नेलं. मॉस्क यांनी पीजीएला विचारलं: लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या चार्ली सिफर्डला तुम्ही सदस्यत्व का देत नाही? रंगाखेरीज दुसरं कारण असेल तर दाखवा.

कारण नव्हतंच. मॉस्क यांनी बजावलं की भेदभाव करणाऱ्या संघटनेला राज्यातले सार्वजनिक कोर्स वापरता येणार नाहीत. पीजीएने खासगी क्लबांकडे वळू असं सुचवताच, तिथेही कायदेशीर कारवाई करू, असं उत्तर आलं. इतर राज्यांच्या अॅटर्नी जनरलनाही त्यांनी पत्रं लिहिली. १९६० मध्ये पीजीएने सिफर्डला टूर्नामेंट खेळाडू म्हणून मान्यता दिली. कलम मात्र तसंच ठेवलं. १९६२ ची पीजीए चँपियनशिप लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवूड क्लबात ठरली होती. मॉस्क यांच्या दबावामुळे ती तिथे घेणं अशक्य झालं, आणि पीजीएने ती फिलाडेल्फियाजवळच्या अॅरोनिमिंकला हलवली. नोव्हेंबर १९६१ च्या वार्षिक सभेत अखेर कलम रद्द झालं.

या साखळीत एक हमाल-कॅडी, एक क्लबचा सदस्य, एक सरकारी वकील आणि एक खेळाडू आहेत. खेळाडूशिवाय हे प्रकरण उभं राहिलं नसतं, कारण नाकारलेला माणूस पात्र आहे हे सिद्ध करणं भाग होतं. सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेला आणि लाँग बीचला गोऱ्यांना हरवलेला सिफर्ड ही ती पात्रता होती. ज्याने कहाणी सांगायला सुरुवात केली तो स्पिलर तोवर पन्नाशीला टेकला होता. त्याच्यासाठी दार उघडलं तेव्हा खेळण्याचं वय निघून गेलं होतं. टेड ऱ्होड्सचंही तेच झालं.

ग्रीन्सबरो, एप्रिल १९६१

कलम रद्द होण्याच्या सात महिने आधी सिफर्ड आपल्याच राज्यात परतला. ग्रेटर ग्रीन्सबरो ओपनमध्ये, सेजफील्ड कंट्री क्लबच्या मैदानावर, तो दक्षिणेतल्या पीजीए स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय गोल्फर ठरला. याच शहरात वर्षभरापूर्वी, १ फेब्रुवारी १९६० रोजी, चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर जाऊन बसले होते आणि देशभर तशी आंदोलनं पेटली होती. ते नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी कॉलेजचे विद्यार्थी. हॉटेलं सिफर्डला घेणार नव्हती, म्हणून त्याच कॉलेजच्या वसतिगृहात त्याची सोय झाली. तिथल्या गलक्यात झोप लागेना, तेव्हा एका कृष्णवर्णीय कुटुंबाने त्याला घरी नेलं.

पहिल्या दिवशी त्याने ६८ मारून आघाडी घेतली. त्या रात्री फोन आला. उद्या मैदानावर पाऊल ठेवलंस तर जिवानिशी जाशील, अशी धमकी. सिफर्डने सांगितलं की माझी वेळ होईल तेव्हा मी पहिल्या टीवर असेन. दुसऱ्या दिवशी तो टीवर गेला आणि डझनभर गोऱ्या माणसांचं टोळकं त्याच्या मागे लागलं. तो चेंडूसमोर उभा राहिला की ओरडायचं, शिव्या द्यायच्या, झोका सुरू झाला की मोठ्याने काहीतरी बोलायचं. गोल्फमध्ये प्रेक्षक अशा वेळी खोकलाही दाबतात. त्या दिवशी होलमागून होल हे चालू राहिलं, आणि पोलिसांनी त्यांना हुसकावून लावेपर्यंत बराच खेळ उरकला होता.

सिफर्ड चिडून त्यांच्यावर धावून गेला असता, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत दोष त्याचा ठरला असता, आणि त्याच्यामागे येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाचा रस्ता बंद झाला असता. त्याने ते जाणलं. तो चालत राहिला, मारत राहिला आणि स्पर्धेत चौथा आला. माझ्या मते कारकिर्दीतला त्याचा सर्वात मोठा पराक्रम हाच. त्या चौथ्या क्रमांकाला करंडक नाही आणि विजेतेपदांच्या यादीत त्याची नोंद नाही.

याच ग्रीन्सबरो ओपनशी जोडलेली दुसरी कारकीर्द शेजारी ठेवून पाहावी. सॅम स्नीडने ही स्पर्धा पहिल्यांदा १९३८ मध्ये जिंकली आणि आठव्यांदा १९६५ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी. स्नीड असामान्य खेळाडू होता, यात वाद नाही. पण त्याच्या प्रतिभेला २७ वर्षं त्याच स्पर्धेत पुन्हा पुन्हा उतरण्याची संधी होती. सिफर्ड १९३८ मध्ये त्याच राज्यात बॅगा वाहत होता आणि त्याला या स्पर्धेत पाय ठेवायला १९६१ उजाडलं.

पंचेचाळीस आणि सेहेचाळीस

पीजीए टूरवर अधिकृत स्पर्धा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होण्याचा मान पीट ब्राउनला मिळाला, १९६४ च्या वॅको टर्नर ओपनमध्ये. सिफर्डची वेळ ऑगस्ट १९६७ मध्ये आली. कनेटिकटमधली ग्रेटर हार्टफर्ड ओपन. शेवटच्या दिवशी त्याने ६४ मारले आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली. बक्षीस २० हजार डॉलर. वय ४५.

जानेवारी १९६९ मध्ये लॉस एंजेलिस ओपन रँचो पार्क या सार्वजनिक कोर्सवर भरली. सिफर्डने पहिल्याच दिवशी ६३ मारले. चार दिवसांनंतर त्याची दक्षिण आफ्रिकेच्या हॅरल्ड हेनिंगशी बरोबरी झाली आणि जादा खेळाच्या पहिल्याच होलवर सिफर्डने बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, मारून सामना संपवला. वय ४६. ज्या स्पर्धेने कलम लागू असतानाही कृष्णवर्णीयांना खेळू दिलं, तीच स्पर्धा त्याने त्याच्या शहरात, कुणालाही खुल्या असलेल्या मैदानावर जिंकली.

बहुतेक गोल्फरांची जिंकण्याची वर्षं पंचविशी ते चाळिशी ही असतात. चाळिशीनंतर लांबी घटते, पाठ कुरकुरते आणि सर्वात आधी पट डळमळू लागतो. सिफर्डची दोन्ही अधिकृत विजेतेपदं या वयानंतरची आहेत. पुढे १९७५ मध्ये त्याने ज्येष्ठांची पीजीए चँपियनशिप जिंकली. १९८० मध्ये ज्येष्ठांची टूर सुरू झाली, त्याच वर्षी त्याने सनट्री क्लासिकही जिंकली. पीजीए टूरवरची त्याची एकूण कमाई ३ लाख ४१ हजार डॉलरांच्या घरात भरते. पन्नाशीतही जिंकणाऱ्या या माणसाच्या अंगात तिशीत काय असेल, याचा हिशेब कुठल्याच नोंदवहीत नाही.

एक मैदान त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर दर एप्रिलला होणारी मास्टर्स ही निमंत्रितांची स्पर्धा. टूरवर एखादी स्पर्धा जिंकली की मास्टर्सचं निमंत्रण आपोआप मिळण्याचा नियम १९७२ पासून आला. सिफर्डचे विजय त्याआधीचे. निमंत्रणाचे इतरही निकष होते, पण त्यांपैकी एकातही त्याला बसवून घेतलं गेलं नाही. मास्टर्समध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय गोल्फर ली एल्डर ठरला, १९७५ मध्ये. १९८२ पर्यंत त्या स्पर्धेत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत, आणि ते कॅडी कृष्णवर्णीय असत. क्लबने पहिला कृष्णवर्णीय सदस्य घेतला १९९० मध्ये. ही सल सिफर्डने कधी लपवली नाही आणि ऑगस्टाबद्दल तो अखेरपर्यंत कडवटपणेच बोलला. तो कडवटपणा त्याने कमावलेला होता.

रस्ता उघडला, जिना गेला

१९९२ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, ‘जस्ट लेट मी प्ले’. मग सन्मान येत गेले. २००४ मध्ये वर्ल्ड गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळवणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन ठरला. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. २०११ मध्ये शार्लटच्या रेव्होल्यूशन पार्कमधल्या नऊ होलच्या सार्वजनिक कोर्सला त्याचं नाव दिलं गेलं. याच कोर्सवर खेळू द्यावं म्हणून १९५०च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय नागरिकांना न्यायालयात जावं लागलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम बहाल केलं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी तो गेला. टायगर वुड्सने १९९७ मध्ये मास्टर्स १२ फटक्यांनी जिंकली, तेव्हा सिफर्ड, एल्डर आणि ऱ्होड्स यांची आठवण काढली होती. सिफर्डला तो आजोबांच्या जागी मानायचा आणि त्याने आपल्या मुलाचं नाव चार्ली ठेवलं.

इथे सगळं गोड झालं असं मानून पुस्तक मिटता येत नाही. वुड्सनंतरही टूरवर कृष्णवर्णीय खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. त्याचं एक कारण १९५०च्या दशकानंतर क्लबांमध्ये पसरलेल्या बॅटरीवरच्या गाड्यांमध्ये आहे. गाडीच्या भाड्याने क्लबांना उत्पन्न मिळू लागलं आणि कॅडींची गरज सरली. सिफर्ड, ऱ्होड्स आणि ब्राउन ज्या वाटेने खेळात आले, ती बॅग उचलण्याची आणि सोमवारी खेळण्याची वाट बंद झाली. वरच्या मजल्याचं दार उघडलं त्याच काळात खालून येणारा जिना निघून गेला. आता मुलाला गोल्फर करायचं तर काठ्या, शिकवणी, कोर्सची फी आणि स्पर्धांचा प्रवास, सगळं आईबापांच्या खिशातून करावं लागतं. गरिबाला बाहेर ठेवायला रंगाचं कलम लिहून ठेवायची गरज उरत नाही.

म्हणून सिफर्डच्या नावाने झालेल्या गोष्टींपैकी मला सर्वात मोलाची वाटते ती २००९ मध्ये सुरू झालेली सवलत. लॉस एंजेलिसच्या वार्षिक टूर स्पर्धेत, म्हणजे सिफर्डने १९६९ मध्ये जिंकलेल्या स्पर्धेच्याच आजच्या अवतारात, अल्पसंख्य समाजातल्या एका गुणी खेळाडूला त्याच्या नावाने थेट प्रवेश मिळतो. एका आठवड्याची एक जागा, इतकंच. पण सिफर्डला आयुष्यभर नेमकं तेवढंच हवं होतं. पदकं त्याला नव्वदीत देता आली, तिशीतली वर्षं कुणालाच परत देता आली नाहीत. अन्यायाची भरपाई करायची असेल, तर ती माणसाच्या अंगात खेळ असेपर्यंत करावी लागते.